बाई मध्ये उभ्या राहत नाहीत

गुरुवार, ३० जानेवारी. सुट्टी.

कंपनी दर वर्षी डायरी देते आणि माझी बायको सुमन ती दर वर्षी किराण्याच्या याद्यांना घेते. यंदा मी पहिल्या पानावर आधीच नाव घालून टाकलं: ज्योतीराम, सुपरवायझर, प्रेस शॉप, पहिली शिफ्ट. सुमन म्हणाली, "आता काय लेखक व्हायलाव का?" म्हटलं, नाही बाई, मापं लिहायची आहेत.

मापं स्पीकरची. आमच्या क्वालिटी खात्याचे सोपानराव रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला चालले. निगडीतलं घर आवरताना त्यांनी आपले दोन लाकडी स्पीकर, अँप्लिफायर आणि सीडी प्लेअर मला देऊन टाकले. शाळेत असताना धाराशिवच्या स्टँडसमोर कॅसेटचं एक दुकान होतं, तिथे असले स्पीकर पाहिले होते. त्यांच्यापायी किती एसट्या चुकवल्या आणि घरी किती मार खाल्ला, ह्याची गणती नाही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी हौस फिटतेय.

टेम्पोत सामान चढवताना सोपानराव म्हणाले, "राव, स्पीकर घेणं सोपं, ठेवणं अवघड. बरोबर जागी ठेवलेत तर हे दोन डबे आहेत हेच विसरायला होतं. गाणारी बाई मधोमध येऊन उभी राहते. जिथे काहीच नाही तिथे." बरोबर एक सीडी दिली. कव्हर हरवलंय, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. एक वयस्कर बाई अभंग गातात, मागे तानपुरा आणि पखवाज. परीक्षेला हीच वापरा म्हणाले.

आज दोन्ही स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवले, येण्याजाण्याच्या वाटेत नकोत म्हणून. पखवाज म्हणजे नुसता गडगडाट, खालच्या मजल्यावरून फोन आला. आणि बाई मध्ये नाहीत. त्या डावीकडे, शोकेसपाशी उभ्या आहेत.

रविवार, २ फेब्रुवारी

शिफ्ट करून आलो तर हर्षाली घरीच होती. ती ताथवड्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकते, म्हणजे घरातली तज्ज्ञ. तिनं हॉल बघून कपाळावर हात मारला. "पप्पा, कोपऱ्यात कोण ठेवतं? दोन भिंती मिळून बेसला फुगवतात." मग तिनं फरशीवर खडूनं त्रिकोण काढून दाखवला: दोन स्पीकर ही दोन टोकं, माझी खुर्ची तिसरं, तिन्ही बाजू सारख्या. स्पीकरची तोंडं किंचित माझ्याकडे वळवायची. वरचा छोटा भोंगा कानाच्या उंचीला. दोन्हीकडून आवाज एकाच वेळी आणि सारखाच कानावर आला की डोक्याला वाटतं, गाणारा मधोमध आहे.

कंपनीची पोलादी टेप आणली होती. दोन तास मापं घेतली. मिलिमीटरला मिलिमीटर जुळवलं. कंपनीत प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बसवताना एवढी काळजी घेतली असती तर आतापर्यंत मॅनेजर झालो असतो.

बाई तरी डावीकडेच. थोड्या पुढे आल्या, पण डावीकडेच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज कंपनीच्या गेटवर कानांची गाडी आली होती. वर्षातून एकदा येते. आत काचेची बंद खोली असते. कानावर हेडफोन लावून बसायचं, बारीक टूं ऐकू आलं की हातातलं बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी पाठमोरी बसते.

मुरारी सकाळपासून तोंड पाडून होता. मुरारी माझ्या लाईनवर चार नंबरच्या प्रेसला आहे, बारा वर्षं, सगळी कंत्राटावर. कंपनीच्या मागच्याच गावचा. त्याचे कान गेलेत हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला कळत नाही, कारण प्रेस शॉपमध्ये कानांनी बोलतं कोण? सगळा कारभार हातवाऱ्यांचा. पार्ट खराब, तेल संपलं, चहा आला, साहेब आला, सगळ्याला खूण आहे. पण गेल्या वर्षी ह्याच तपासणीत दोघे नापास झाले आणि ठेकेदारानं दुसऱ्याच महिन्यात त्यांना घरी बसवलं.

म्हणून मी त्याला गेल्या वर्षीचीच युक्ती पुन्हा समजावली. मुलीकडे नाही, तिच्या खांद्याकडे बघायचं. टूं सोडताना तिचा खांदा हलतो; तो हलला की बटण दाबायचं. मधूनच एकदोन सोडून द्यायचे, म्हणजे खरं वाटतं. मुरारी पास झाला. बाहेर येऊन माझा हात धरला आणि सोडेचना.

ह्यात चुकलं काय? त्याची नोकरी राहिली. मीही माझी तपासणी तशीच देतो, उगाच टूं टूं ऐकत कोण बसणार. माझे कान ठणठणीत आहेत. शिवाय लाईन सांभाळायची असते.

तरी घरी येताना मोशीच्या सिग्नलला उभा असताना आठवलं, की कानात घालायचे ते नारिंगी बोळे काढून ठेवा असं ह्या सगळ्यांना मीच सांगत आलोय. प्रेसचा आवाज बदलला की डाय बिघडली समजतं, बोळे घातले तर ते कळत नाही. माझ्या लाईनला त्यामुळे खराब माल कमी निघतो. त्यासाठी मला दोनदा शाल मिळाली आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सुट्टी.

मुरारी घरी आला होता, मक्याची कणसं घेऊन. मी नको म्हणत होतो. म्हणाला, "आसू द्या भाऊ. तुमच्यामुळं वरीसभराची चिंता मिटली."

स्पीकर बघून त्याचे डोळे चमकले. तो गावच्या भजनात पखवाज वाजवतो. वाजवायचा. आता तोच म्हणतो की बोल कळत नाहीत, नुसता हादरा कळतो. मी सीडी लावली. तो हॉलभर फिरला, भिंतीला तळहात लावत. कोपऱ्यात थांबला, मान हलवली. मग खाली बसून फरशीला हात लावला. "भाऊ, भिताडाला चिकटवू नगा. कोपऱ्यात पखवाज घेऊन बसलं का नुसतं घुमतंय, थाप कळत न्हाई. आमी देवळात मधल्या खांबाच्या म्होरं बसतो ते ह्याच्यासाठीच." दोघांनी मिळून स्पीकर सरकवले. तो एकेक वीत पुढे घ्यायला लावी, हात फरशीवर ठेवी, पुन्हा एक वीत. भिंतीपासून ७२ सेंटिमीटरवर त्यानं हात वर केला. "हां. आता थाप सुटी झाली."

आणि खरंच, पखवाजाची प्रत्येक थाप वेगळी झाली. दोन आठवडे टेप घेऊन मला जे जमलं नाही ते ऐकू न येणाऱ्या माणसानं अर्ध्या तासात करून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. त्याच्या कानांचं काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि तो माझ्या घरात कणसं घेऊन येतो.

पण बाईंचं काही त्याला सांगता येईना. "गानं मला लांबनं येतंय," म्हणाला. बाई डावीकडेच होत्या. उजवीकडे गॅलरीचं दार आणि शेजारी सुमनचं शिलाई मशीन. त्यामुळे आवाज तिकडे सांडत असणार. मुरारीच्या मदतीनं मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं.

चहाला त्याला म्हटलं, माझ्या उजवीकडे बस, गॅलरीचा वारा येतो. ऐकेना, डावीकडेच अडचणीत बसला. कंपनीतही तो नेहमी माझ्या डाव्या अंगानंच येतो. एकेका माणसाची सवय असते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आतल्या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागते. सुमन फॉल-पिकोची कामं घेते. गॅलरीच्या उजेडात बसायची, येणाऱ्याजाणाऱ्या बायका हाक मारायच्या. आज काळ्या साडीवर काळा दोरा ओवताना तिनं तीनदा सुई डोळ्यांपाशी नेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मग मला भांडता तरी आलं असतं.

बाई अजून डावीकडेच. म्हणजे मशीन नेऊनही उपयोग नाही. तरी मी ते परत आणलं नाही. उद्या जाड पडदा लावून बघणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मुरारीचा अपघात झाला.

दहाच्या चहाआधी मी मधल्या रस्त्याच्या कडेला उभा राहून रजिस्टर लिहीत होतो. पिवळ्या रेघेच्या जरा आत, गाड्यांच्या वाटेत असेन. पिंटू फोर्कलिफ्टवर पत्र्याचं कॉईल घेऊन मागे मागे येत होता. मुरारी एकदम प्रेस सोडून पळत आला. मला त्याचा जोरात धक्का लागला, मी भंगाराच्या पेटीवर जाऊन आपटलो. उठून बघतो तर त्याचा डावा पाय चाकाखाली.

नडगीचे दोन तुकडे झालेत. घोट्याचंही काही खरं नाही. आज ऑपरेशन झालं.

पिंटू रडत होता. देवाची शपथ घेऊन म्हणाला, तीनदा हॉर्न दिला. दिला असेल, प्रेस शॉपच्या गोंधळात काय कळतंय. माझ्याही लक्षात नाही. पण मुरारीला तो ऐकूच गेला नसणार, हे मला माहीत आहे. आणि हे फक्त मलाच माहीत आहे. गेल्या वर्षीच तो तपासणीत नापास झाला असता तर तो आज तिथे नसता. घरी असता, बेकार, पण दोन्ही पायांवर.

पळत कशाला आला होता, ते कळत नाही. पार्ट खराब निघाला असेल, दाखवायला आला असेल. कोपर खरचटलंय माझं. सुमन हळद लावत होती. तिला म्हटलं राहू दे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जबाब झाला. एचआरच्या साहेबांनी तयार करूनच ठेवला होता. "कामगार मुरारी हे हॉर्न वाजत असताना, विनाकारण कामाची जागा सोडून, पिवळी रेघ ओलांडून निष्काळजीपणे वाहनासमोर आले." सोबत कानांचा रिपोर्ट जोडला होता: श्रवणशक्ती उत्तम. म्हणजे ऐकू येत होतं आणि तरी आला. ठेकेदार म्हणतो, असला माणूस परत नको.

साहेब म्हणाले, "तुम्ही जागेवर होता. हॉर्न वाजला होता ना?"

मी म्हणालो, "वाजला असणार."

"असणार नको, ज्योतीराम. वाजला."

सही केली. दुसरं काय करणार होतो? तो बहिरा आहे म्हणावं, तर नोकरी जाणारच. निष्काळजी म्हणावं, तरी जाणारच. दोन्हीकडून त्याची जाते. फरक एवढाच की पहिल्या वाटेनं माझीही गेली असती. हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण ही डायरी माझी आहे, इथे तरी खोटं लिहायला नको. हर्षालीची अजून दोन वर्षं आहेत. घराचे हप्ते आहेत. अशी कारणं मोजायला लागलं की ती संपत नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

शिफ्टवरून दवाखान्यात गेलो. मुरारी ग्लानीत होता. रतनबाई, त्याची बायको, शेजारी स्टुलावर. मला बघून उठली, पदर सावरला आणि त्याच्याकडेच हात करून म्हणाली, "बघा की भावजी. बारा वर्सं तितं राबतोय, गाडी कुटनं येती ते म्हाईत न्हाई व्हय ह्या मानसाला? डोळं काय गहान ठिवलं व्हतं? ठेकेदाराचा मानूस येऊन सांगून ग्येला, चूक ह्यांचीच हाय म्हनून. आता पायबी ग्येला आन कामबी."

मी म्हटलं, "वहिनी, होतं असं." एवढंच. डाळिंबं आणली होती, ती उशाशी ठेवली.

मुरारीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खरचटलेल्या कोपराकडे. हातानं खूण केली: बरं आहे का? मी मान हलवली. त्यानं डोळे मिटले. रतनबाई त्याला बोलतच होती आणि तो सगळं ऐकून न ऐकल्यासारखा पडून होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सुट्टी.

दिवसभर स्पीकर. डावा ५ सेंटिमीटर मागे घेतला. बाई डावीकडे. उजव्याचं तोंड जास्त वळवलं. डावीकडे. उजवीकडच्या फरशीवर सतरंजी टाकली, काढली. शोकेस रिकामी केली. सुमन दारात उभी राहून म्हणाली, "किती वेळ सरकवायलाव ते? मुरारीभाऊंकडं जायचं सोडून?" तिला वाटतं मला गाण्याचा नाद लागलाय. नाद कसला. हात रिकामे राहिले की रतनबाईचा आवाज येतो, म्हणून सरकवतोय.

रविवार, २ मार्च

तारांसकट स्पीकरची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. स्पीकर एकीकडचा कमजोर असला तर बाई आता उजवीकडे जायला हव्यात.

नाही गेल्या. म्हणजे स्पीकर ठीक आहेत, खोलीच वाईट आहे. डावीकडची भिंत घट्ट, ती आवाज परत फेकते. उजवीकडे काच. हा फ्लॅट घेतानाच चुकलं.

मंगळवार, ४ मार्च

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

संध्याकाळी हर्षाली कॉलेजवरून आली. मी तिला म्हटलं, भिंतीवर जुन्या गाद्या लावू या का. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा."

बसलो. तिनं सीडी लावली.

"बाई कुठे आहेत?"

"डावीकडे."

"कुठल्या डावीकडे? मघाच्या, की आताच्या तुमच्या?"

मी हात वर केला. माझा डावा हात. तो आता गॅलरीकडे होता.

तिनं माझा वर केलेला हात धरून खाली घेतला. मी म्हटलं, काय झालं? ती हळूच म्हणाली, "दोष भिंतीचा असता, तर तुम्ही पाठ फिरवल्यावर बाई तुमच्या उजव्या हाताला आल्या असत्या. त्या तुमच्याबरोबर फिरल्या, पप्पा."

मला तरी कळेना. मग तिनं मागून येऊन माझ्या डाव्या कानावर तळहात घट्ट दाबला.

बाई गेल्या. तानपुरा गेला. पखवाज तेवढा राहिला, पोटात वाजल्यासारखा.

तिनं हात काढला, बाई आल्या. पुन्हा दाबला, गेल्या. तिसऱ्यांदा मीच तिचा हात धरून बाजूला केला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "मी तुमच्या उजवीकडून कितीदा काय काय बोलते. मला वाटायचं तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही."

महिनाभर मी घरातलं सगळं हलवलं. स्वतःला सोडून.

बुधवार, ५ मार्च

अर्धी सुट्टी घेऊन भोसरीत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. इथे त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, त्यामुळे कुणाचा खांदा दिसत नव्हता. उजवा कान जवळजवळ गेलेला. डावाही निम्म्यावर आलाय. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं प्रेसजवळ? एकोणीस. माझं टेबल तीन नंबर आणि चार नंबरच्या मध्ये आहे, उजवा कान कायम चार नंबरच्या मोठ्या प्रेसकडे. परत येणार नाही म्हणाले, उरलेला जपा.

रिक्षात बसलो आणि तिथे सगळं डोक्यात आलं. मी मधल्या रस्त्यात उभा होतो. पिंटू उजवीकडून येत होता. तीनदा हॉर्न. मला एकही ऐकू आला नव्हता, एकही, आणि मी लिहून दिलं की वाजला. मुरारी मला काही दाखवायला पळत आला नव्हता. त्याला हॉर्न ऐकू आला नाही हे खरं, पण त्याला डोळे आहेत. त्यानं गाडी बघितली आणि मला बघितलं, आणि मला बाजूला ढकललं. त्या चाकाखाली माझा पाय जायचा होता, किंवा छाती.

आणि मी त्याला निष्काळजी म्हणून सही केली.

घरी येऊन पहिल्यांदा सुमनचं मशीन उचलून गॅलरीपाशी आणलं. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. उद्याच जावा."

गुरुवार, ६ मार्च. सुट्टी.

मुरारीला घरी आणलंय. पत्र्याच्या घरापुढे अंगणात बाजेवर बसला होता, प्लास्टरचा पाय उशीवर. रतनबाई आत चुलीपाशी. आजूबाजूला सगळी भावकीची घरं, दारंखिडक्या उघड्या.

मी त्याच्याजवळ सरकून बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. सगळं पाठ करून आलो होतो, एका दमात बोलून टाकलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "काय?"

पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत न्हाई, भाऊ. मोठ्यानं बोला."

मी हात वर केले, खुणेनं सांगावं म्हणून. आणि हात तसेच राहिले. प्रेस शॉपच्या खुणांत सगळं आहे, तेल आहे, चहा आहे, साहेब आहे. ह्याला खूण नाही.

मग ओरडलो. "माझा उजवा कान गेलाय! हॉर्न मला ऐकू आला नाही! तू मला वाचवायला आलास! आणि मी कागदावर तुझी चूक लिहून दिली!"

समोरच्या घरातलं भांडी घासणं थांबलं. एक म्हातारा ओट्यावर येऊन उभा राहिला. रतनबाई दारात आली, दोन्ही हात पिठाचे.

मुरारी शांतपणे म्हणाला, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुमचा कान. उजव्या अंगानं हाक मारली का तुमी वळत न्हाई. दोन वर्सं झाली. म्हनून तर मी डाव्या अंगानं येतो."

"मग बोलला का नाहीस? ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो हसला. खरंच हसला. "सांगितलं आसतं, तर तुमाला काढलं आसतं. नवा सुपरवायझर आला आसता. त्यानं काय माजा कान झाकला आसता व्हय? तुमी ऱ्हायला तर कदीतरी मला परत घ्याल, आसं म्हनलं."

मी मान खाली घातली. दोघांनी दोन वर्षं एकमेकांचे कान झाकले होते. फरक एवढा की त्याला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, आणि मी स्वतःला त्याचा उपकारकर्ता समजत होतो.

"मला न्हवतं ठावं," रतनबाई म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती. "पंधरा दिस मी तुमास्नी आंधळं म्हनतीय, येंधळं म्हनतीय. पोरांच्या म्होरं बोलले. दवाखान्यात परक्या बायांच्या म्होरं बोलले. आन तुमी ऐकून घ्येतलंत?"

मुरारीला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो प्लास्टरकडे बघत राहिला. तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं, मनगटानं डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे वळली. चहा नाही, पाणी नाही.

"भावजी, हितं वस्तीला ऐकवून काय उपेग? ज्यांच्या म्होरं लिवून दिलंत त्यांच्या म्होरं म्हना."

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांसमोर नवा जबाब हातानं लिहिला. हॉर्न मला ऐकू आला नाही. मी रेघेच्या आत होतो. मुरारी मला वाचवायला आला. तपासणीत खांदा बघून बटण दाबायची युक्ती मी शिकवली आणि मीही तीच वापरत आलो. बोळे काढायला मीच सांगत आलो. डॉक्टरांचा कागद जोडला.

साहेबांनी दोनदा वाचलं. "अजून कुणाकुणाला शिकवलीत?"

"शिकवणारा मी. तेवढंच लिहा."

"ज्योतीराम, हळू बोला. बाहेर ऐकू जातंय."

मला कळलंच नव्हतं आवाज चढलाय ते. म्हटलं, "जाऊ द्या."

मुरारीच्या कागदावरचा तो निष्काळजीपणाचा शब्द काढतील का, ह्यावर "वर विचारतो" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मी इथेच बसतो, विचारा. दोन तास बसलो. शेवटी त्यांनी जुना जबाब माझ्यासमोर रद्द केला, त्यावर माझी सही घेतली. त्याला परत घेणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही. माझं काय, तेही नाही. चौकशी होईल.

पण दुसरं ठरलं. पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रेस शॉपची कानतपासणी पुन्हा होणार, नव्या लोकांकडून, भिंतीकडे तोंड करून. चहाला गेलो तर बाकावरची माणसं बोलायची थांबली. सहा नंबरचा प्रीतम उठताना म्हणाला, "तुमच्या मनावरचं उतरलं, राव. आता आमच्यातले किती जाणार ते बघा." चहा तसाच ठेवून उठलो. त्यातले चारजण तरी नापास होणार, हे मला नावांसकट माहीत आहे. त्यांचे कान घालवण्यातही मीच होतो आणि आता त्यांची नोकरी घालवण्यातही मीच. साहेबांकडे परत गेलो. म्हटलं, जे नापास होतील त्यांना पॅकिंगला हलवा, काढू नका, हे लेखी द्या, नाहीतर मी माझा जबाब लेबर ऑफिसात नेऊन देतो. एकोणीस वर्षांत मी त्या माणसाशी असा बोललो नव्हतो. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, सोमवारी परत येतो.

बाहेर टेबलावर ऑफिसातला मुलगा तपासणीची यादी लिहीत होता. पहिलं नाव माझं घाल म्हणून सांगितलं, आणि त्यानं ते लिहीपर्यंत तिथेच उभा राहिलो.